उभा लांडगा आणि ओळंबा

नेदरलँड्समध्ये एक करडू पुढच्या पायांविनाच जन्माला आले होते. ते मागच्या दोन पायांवर उभे राहायला शिकले, उड्या मारत इकडेतिकडे हिंडू लागले आणि साधारण वर्षभराचे असताना एका अपघातात मेले. एव्हरहार्ड स्लाइपर या डच शरीररचनाशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले आणि १९४२ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्या करडाचा कणा चार पायांवर वाढलेल्या शेळीसारखा राहिला नव्हता. त्याला माणसाच्या कण्याची आठवण करून देणारे दुहेरी वळण आले होते. छातीच्या पिंजऱ्याचा आकार पालटला होता, श्रोणीची म्हणजे कमरेच्या चौकटीची हाडे वेगळी वाढली होती आणि नितंबाचा स्नायू लांबून त्याच्या कंडरांची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांची, मांडणीही नेहमीपेक्षा निराळी झाली होती. वजन खाली जाण्याचा मार्ग बदलला होता आणि वाढत्या हाडांनी व स्नायूंनी त्या मार्गाला जुळवून घेतले होते. सततच्या भारानुसार हाड आपली घडण बदलते हे तत्त्व युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये मांडले होते, आणि या करडाचे शरीर म्हणजे त्याच तत्त्वाचे चालतेबोलते उदाहरण होते.

प्राण्याला माणसासारखे उभे करून त्याचे चित्र काढणाऱ्याने या करडाचा विचार अवश्य करावा, असे मला मनापासून वाटते. माणसाच्या धडावर लांडग्याचे डोके, मागे शेपूट आणि वरून केस अशी जुळवणी केली की पाहणाऱ्याला तो मुखवटा घातलेला माणूस दिसतो. चित्रातला प्राणी खरा वाटायचा असेल, तर एक बदल केल्यावर त्याच्यापाठोपाठ शरीरात आणखी कोणते बदल व्हावे लागतील, याचा माग काढावा लागतो. त्यासाठी गवंड्याच्या हाती असते ते साधन मनातल्या मनात वापरता येते, ते म्हणजे ओळंबा. उभ्या शरीराच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली दोरी तळपायांच्या क्षेत्रात पडली, तर शरीर उभे राहते; त्याबाहेर गेली, तर ते कलंडते.

माणूस आणि प्राणी यांचा संकर घडवण्याची ही हौस मात्र फार जुनी आहे. जर्मनीतील होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत १९३९ मध्ये सापडलेली, मॅमथच्या सुळ्यात कोरलेली सिंहमानवाची मूर्ती सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची मानली जाते. ती जेमतेम ३१ सेंटिमीटर उंचीची आहे, पण तिच्यात दोन पायांवर उभे राहिलेले शरीर आणि गुहासिंहाचे डोके एकत्र आणले आहे.

सुरुवात पायांपासून करू, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. कुत्र्याचा किंवा लांडग्याचा मागचा पाय पाहताना त्याचा गुडघा उलटा वाकतो असे वाटते. तो गुडघा नसून घोटा असतो आणि मागे टोकदार दिसणारे हाड म्हणजे टाच असते. खरा गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या जवळ असतो आणि तो आपल्या गुडघ्यासारखाच पुढे येतो. हे पटण्यासाठी तळहात टेबलावर सपाट ठेवावा. ही झाली माणसाची आणि अस्वलाची चाल, ज्यात पूर्ण तळवा टेकतो. आता बोटे तशीच ठेवून तळहात आणि मनगट वर उचलावे, म्हणजे मांजराची व कुत्र्याची, बोटांवर चालण्याची रीत होते. शेवटी फक्त मधल्या बोटाचे टोक टेकवून बाकी सारे उचलावे, की घोड्याचा पाय तयार झाला, कारण घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर, म्हणजे खुरावर उभा असतो. तिन्ही पायांतील हाडांचा क्रम एकच आहे. बदलते ती हाडांची लांबी आणि जमिनीला टेकणारा भाग.

आता ओळंबा लावू. बोटांवर उभ्या असलेल्या लांडग्याला धड सरळ धरायचे असेल, तर मांडी पुढे येते, नडगी मागे जाते आणि टाचेपासून बोटांपर्यंतचा लांबट भाग पुन्हा पुढे उतरतो. या नागमोडी पायाचा शेवट, म्हणजे पंजा, गुरुत्वमध्याच्या बरोबर खाली यायला हवा. अनेक चित्रांत पाय वाकवलेला असतो खरा, पण पंजा इतका मागे राहतो की तो प्राणी पुढच्याच क्षणी तोंडावर आपटेल. दुसरी चूक लांबीची. माणसाची मांडी आणि नडगी तशीच ठेवून खाली हा उचललेला तळपाय जोडला, तर पाय अवाजवी लांब होतो. म्हणून वरचे दोन्ही भाग आखूड करावे लागतात. शिवाय उभे राहताना माणूस गुडघा सरळ करून जवळजवळ हाडांवरच वजन पेलतो, त्यामुळे आपल्याला ताटकळत उभे राहणेही तसे स्वस्तात पडते. ज्याचा गुडघा कायम वाकलेला आहे, त्याला मांडीच्या पुढच्या स्नायूंनी अखंड जोर लावून शरीर तोलावे लागते. अशा प्राण्याच्या मांड्या दणकट असल्याच पाहिजेत, आणि टाचेचे हाड मागे ठळक यायला हवे, कारण पोटरीचे स्नायू त्याच हाडाला तरफेसारखे ओढून घोटा उचलून धरतात.

मांडीच्या वर येते श्रोणी, आणि उभे राहण्याचा खरा निकाल लागतो तो तिथेच. चार पायांवर उभ्या असलेल्या कुत्र्याची मांडी कण्याशी साधारण काटकोनाच्या आसपास असते. सरळ उभे राहण्यासाठी त्याला पाय आणखी जवळजवळ ९० अंशांनी मागे न्यावा लागेल, किंवा कमरेच्या मणक्यांना बाक देऊन धड वर उचलावे लागेल. माणसाच्या उत्क्रांतीत या दोन्ही गोष्टी घडल्या. आपली श्रोणी आखूड, रुंद आणि वाडग्यासारखी आहे, तर कुत्र्याची लांबट, अरुंद आणि कण्याच्या दिशेने पसरलेली असते. धड पुढे झुकू न देण्याचे काम करणारा आपला नितंबाचा मोठा स्नायू हा शरीरातला सर्वांत मोठा स्नायू आहे. म्हणून लांडगा ताठ उभा दाखवायचा असेल, तर त्याला नितंब द्यावे लागतात. ते द्यायचे नसतील, तर त्याने गुडघे वाकवून, धड पुढे झुकवून उभे राहणे जास्त प्रामाणिक ठरते. माझ्या मते या दोन्हींपैकी कोणताही पर्याय चुकीचा नाही, पण एकाच चित्रात दोन्हींची सरमिसळ झाली की डोळ्याला खटकते. जवळून पाहण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे कुत्र्याच्या मांडीपासून कुशीकडे जाणारी त्वचेची सैल घडी. तो मागच्या पायांवर उभा राहिला की ती घडी ताणली जाते आणि पोट व मांडी यांच्यामध्ये पडद्यासारखी दिसते. एवढा एक तपशील नीट आला तरी चित्रातले शरीर उचलून उभे केलेले वाटते, ठोकळे जोडल्यासारखे वाटत नाही.

छाती आणि खांदे हा सर्वांत अवघड भाग आहे. माणसाची छाती पुढून मागे चपटी आणि आडवी रुंद असते, तर कुत्र्याची छाती होडीच्या तळासारखी खोल आणि अरुंद असते. आपल्या खांद्याची पाती पाठीवर असतात. कुत्र्याची, घोड्याची आणि मांजराची पाती छातीच्या दोन बाजूंना असतात, आणि त्या बरगड्यांना कोणत्याही सांध्याने न जोडता स्नायूंच्या झोळीत टांगलेल्या असतात. त्यामुळे धावताना मांजराच्या खांद्याची टोके पाठीच्या वर आलटून पालटून उचलली जाताना स्पष्ट दिसतात. स्वतःच्या गळ्याखालच्या आडव्या हाडावर बोट ठेवून हात बाजूला आणि मग डोक्यावर न्यावा, म्हणजे ते हाड खांद्याला बाहेर रेटून धरणाऱ्या आडव्या वाशासारखे कसे काम करते ते कळते. या हाडाला जत्रुक म्हणतात. घोड्याला ते नसतेच, कुत्र्यात त्याचा नाममात्र अंश उरतो आणि मांजरात ते छोट्या काडीसारखे स्नायूंत तरंगत असते. खांद्याला बाहेरून रेटणारे काही नसल्यामुळे मांजर अरुंद फटीतूनही अंग आत घेऊ शकते.

याचा चित्रावर थेट परिणाम होतो. लांडग्याने दोन्ही हात फैलावलेले किंवा फांदीला लोंबकळताना दाखवायचे असेल, तर त्याला जत्रुक द्यावे लागेल, छाती रुंद करावी लागेल आणि खांद्याची पाती पाठीकडे न्यावी लागतील. छाती कुत्र्यासारखी अरुंदच ठेवायची असेल, तर हात प्रामुख्याने पुढेमागे हलतील आणि विश्रांतीत ते शरीराच्या बाजूला न लोंबता छातीच्या पुढे येतील. दोन पायांवर उभे राहिलेल्या कुत्र्याचे पुढचे पाय नेमके असेच छातीसमोर लोंबतात. जॉर्ज स्टब्ज या ब्रिटिश चित्रकाराने आयुष्याच्या अखेरच्या काळात, १७९५ पासून, माणूस, वाघ आणि कोंबडी यांच्या शरीरांची तुलना करणारी चित्रमालिका हाती घेतली आणि १८०६ मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हा ती अपुरीच होती. तीन वेगळी शरीरे समान स्थितींत ठेवून पाहण्याची त्याची पद्धत आजही सर्वांत उपयोगी आहे, असे मला वाटते. त्याच्याही आधी, १५५५ मध्ये, प्येर बेलाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने माणूस आणि पक्षी यांचे सांगाडे शेजारी शेजारी काढून सारख्या हाडांवर सारखी अक्षरे टाकली होती. कागदावर लांडग्याचा आणि माणसाचा सांगाडा असाच बाजूबाजूला काढून प्रत्येक सांध्याला दोन्हीकडे एकच रंग दिला, तर घोटा आणि गुडघा यांचा घोळ पुन्हा होत नाही.

पक्ष्याच्या बाबतीत हा अभ्यास आणखी कडक नियम घालतो. पक्ष्याचा पंख म्हणजेच त्याचा हात असतो. त्याच्या टोकाला तीन बोटांचे अवशेष जुळलेले असतात. पाठीवर पंख आणि शिवाय दोन हात दिले, तर त्या प्राण्याला सहा अवयव होतात, आणि कोणत्याही ज्ञात पृष्ठवंशीय प्राण्याला ते नाहीत.

डोके बसवताना कवटीच्या तळाशी असलेल्या एका छिद्राकडे पाहावे. मज्जारज्जू कवटीतून ज्या छिद्रातून बाहेर पडतो, ते माणसात जवळजवळ मध्यावर खाली असते, म्हणून आपले डोके कण्यावर तोलून बसते. कुत्र्यात ते मागच्या बाजूला असते आणि मान कवटीला मागून जुळते. उभ्या मानेवर लांडग्याचे डोके नुसते ठेवले, तर त्याचे नाक आकाशाकडे जायला हवे. ते समोर पाहत असेल, तर मानेला पुढे झेपावून वळण घ्यावेच लागते. लांब जबड्याचा भार पुढे असल्याने मानेमागचे स्नायूही जाड लागतात. लांडग्याला मानेभोवती दाट केस असल्यामुळे यातले बरेच झाकले जाते, पण केसांच्या आत काय आहे हे चित्रकाराला माहीत असेल, तरच केसांचा फुगवटा योग्य जागी येतो. मणक्यांची संख्या मात्र चिंतेचे कारण नाही: माणूस, लांडगा, उंदीर आणि जिराफ या सर्वांच्या मानेत ७ मणके असतात, फरक असतो तो त्यांच्या लांबीत.

चेहऱ्यावरचे भाव दाखवताना माणसाच्या भुवया आणि ओठ उसने घेण्याचा मोह होतो, पण तशी गरज नसते. चेहऱ्याच्या हालचालींची पद्धतशीर नोंद करणाऱ्या अभ्यासांनुसार माणसात अशा २७ वेगवेगळ्या हालचाली नोंदवल्या आहेत, घोड्यात १७, कुत्र्यात १६ आणि चिंपांझीत १३. कुत्र्यात डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची भुवई उचलणारा ठळक स्नायू असतो, तर लांडग्यात तो नीट विकसित झालेला नसतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विच्छेदनांवरील अभ्यासात आढळले. म्हणजे केविलवाणी नजर कुत्र्याला शोभते. लांडग्याचे दुःख कान मागे पडण्यातून, मान खाली जाण्यातून आणि ओठांच्या कडांतून दाखवावे लागेल. डोळ्यांतही असाच फरक आहे. मांजराची बाहुली उभ्या फटीसारखी आकुंचन पावते, पण वाघाची आणि सिंहाची गोलच राहते, त्यामुळे माणसासारख्या उभ्या केलेल्या वाघाला मांजराचे डोळे देणे ही सरळ चूक आहे.

आकाराचा प्रश्नही विसरता येत नाही. गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवून दिले की प्राण्याची सर्व मापे १० पट केली, तर वजन १,००० पट वाढते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ १०० पटच वाढते. उंदराला माणसाएवढा करताना त्याचे पाय आहेत तसेच मोठे केले, तर ते काड्यांसारखे मोडतील. त्यांना प्रमाणाबाहेर जाड करावे लागेल.

शेपूट म्हणजे कण्याचाच पुढचा भाग असतो, म्हणून ती कमरेच्या वरून न निघता त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या तिकोनी हाडाच्या, टोकाशी, नितंबांच्या फटीच्या वरच्या टोकाला सुरू होते. ती जड असेल, तर ओळंबा मागे सरकतो आणि धड पुढे झुकवावे लागते. मघाशी जड डोक्याने ओळंबा पुढे नेला होता. शेपटीने तो पुन्हा मागे येतो, आणि लांब जबड्याच्या प्राण्याला भक्कम शेपूट दिल्यास दोन्हींचा मेळ सहज बसतो. कांगारू सावकाश चालताना शेपटी जमिनीला टेकवून पाचव्या पायासारखी वापरतो. त्या चालीत पुढे ढकलण्याचा जोर शेपटीतून जेवढा मिळतो, तेवढाच बाकीच्या चारही पायांतून मिळून येतो, असे २०१४ च्या एका अभ्यासात मोजले गेले.

राहिला हात. आपण तळहात वर-खाली फिरवतो, तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी एक हाड दुसऱ्याभोवती फिरते. मांजरात ही हालचाल बरीच शिल्लक आहे, कुत्र्यात ती थोडी उरली आहे आणि घोड्यात ती दोन हाडे एकमेकांना चिकटल्यामुळे अजिबात नाही. त्यामुळे किल्ली फिरवणारा घोडा काढायचा असेल, तर त्याच्या हाताला बोटे देण्याआधी ही दोन हाडे वेगळी करावी लागतील, आणि ती तशीच ठेवायची असतील, तर किल्ली फिरवताना त्याला खांद्यापासून अख्खा हात वळवताना दाखवावे लागेल.