स्पोर्ट्स बाइकची सीट बदलताय? पाना हातात घेण्याआधी आरसी उघडा

सीट बदललेल्या बाइकचा अर्ज आरटीओतून परत आला म्हणून हताश होऊन बसलेली मुलं मी इतक्यांदा पाहिली आहेत, की आता पहिला प्रश्न मीच विचारतो: सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या मागच्या सांगाड्याला, हात लावलास का? उत्तर ‘हो’ आलं की पुढचा रस्ता फार अवघड होतो. ज्यांच्या बाइकला अजून ग्राइंडर लागलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

परवानगी कशाला लागते आणि कशाला नाही, इथेच अर्धा घोळ असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा फेरबदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीतले, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रातले, तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील. फेरबदल म्हणजे काय, हेही त्याच कलमात सांगितलं आहे: वाहनाच्या रचनेत असा बदल, की ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. तेव्हा सीट किती महागाची आहे किंवा किती नामांकित कंपनीची आहे, हा प्रश्नच नाही. ती बसवल्यावर आरसीतली एखादी ओळ खोटी ठरते का, एवढंच बघायचं.

फोम बदलला, जेल घातली, कव्हर नवं शिवलं, तर आरसीत काहीच हलत नाही. मूळ कुलपावर आणि मूळ बोल्टांवर बसणारी, दोघांची जागा तशीच ठेवणारी दुसरी सीट घेतली तरी रचना तीच राहते. मागच्या सीटच्या जागी काढता येणारं काउल, म्हणजे सीट झाकणारं कव्हर, लावलं, तरीही सांगाडा आणि मागचे फूटरेस्ट जागच्या जागी असतात. फक्त काउल असेपर्यंत मागे कुणाला बसवू नका. कलम १२८ प्रमाणे मागचा माणूस पक्क्या बसवलेल्या, योग्य सीटवरच बसला पाहिजे. तो नियम मोडला तर कलम १९४सी खाली १,००० रुपये दंड होतो आणि परवाना तीन महिन्यांसाठी जाऊ शकतो.

खरी अडचण येते ती रेसिंग ट्रॅकवरची फायबरची एकासनी टेल, म्हणजे एकाच सीटचा मागचा भाग, बसवताना. ती बसावी म्हणून सबफ्रेमचा मागचा भाग कापतात, मागचे फूटरेस्ट काढतात, मडगार्ड आणि साडी गार्ड काढून टाकतात. आरसीत मात्र ‘आसनक्षमता २’ तशीच असते. आता ही गाडी कागदावर दोघांची आणि रस्त्यावर एकाची झाली. दोनाची एक करण्यासाठी अर्ज येतात आणि बहुतेक इथेच पडतात, कारण निर्मात्याने ती गाडी दोघांसाठीच मंजूर करून घेतलेली असते.

अर्ज करायचाच असेल, तर सगळ्यात जास्त अडवणारा कागद आधी समजून घ्या. खिडकीवर विचारतात, “या सीटचं प्रमाणपत्र कुठे आहे?” मुलं दुकानदाराकडे पळतात. तो बिल देतो, फार तर परदेशी कंपनीचं रंगीत पत्रक देतो. दोन्हींचा उपयोग नाही. बिलाने सीट विकत घेतल्याचं सिद्ध होतं. ती या गाडीवर सुरक्षित आहे, हे सिद्ध होत नाही. मग कुणीतरी सल्ला देतं, “एआरएआय आपल्या पुण्यातच आहे की, टेकडीवर जा आणि घेऊन ये.” वेताळ टेकडीवरची एआरएआय किंवा भोसरीची सीआयआरटी या केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२६ खालच्या चाचणी संस्था आहेत, हे खरं. पण त्या नियमाप्रमाणे निर्माता किंवा आयातदार आपल्या वाहनाचा नमुना तिथे मंजुरीला देतो. एकट्या मालकाने एक सीट काखेत मारून जायचं आणि संध्याकाळी शिक्का घेऊन यायचं, अशी ती सोय नाही. हा कागद मिळण्याची वास्तवातली एकच वाट आहे: गाडीच्या निर्मात्याकडून किंवा अधिकृत डीलरकडून लेखी घ्यायचं की हा भाग याच मॉडेलसाठी आहे आणि मूळ जोडणीवर बसतो. ते पत्र मिळणार नसेल, तर सीटचे पैसे देऊ नका. एवढी साधी गोष्ट कार्यालयांनी दारावर मोठ्या अक्षरांत लावायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. त्याअभावी किती पोरांचा पगार त्या फायबरमध्ये अडकला आहे.

दुसरी चूक १४ दिवसांची. कलम ५२ मध्ये १४ दिवसांचा उल्लेख आहे, आणि अनेक जण तो असा वाचतात: सीट बसवा, मग १४ दिवसांत जाऊन मंजुरी घ्या. तसं नाही. मंजुरी आधी. मंजुरी मिळाल्यावर काम करायचं, आणि काम झाल्यापासून १४ दिवसांत ते कळवून आरसीत नोंद करून घ्यायची. बदल आधी आणि मंजुरी नंतर ही मुभा कायद्यात आहे, पण ती दिव्यांग व्यक्तींसाठी रूपांतरित केलेल्या वाहनांना. तिचा हवाला देऊन एकासनी टेल पास होत नाही. कापलेली सबफ्रेम घेऊन ‘आता मंजुरी द्या’ म्हणणारा अर्जदार स्वतःच्या अर्जातच कबुली लिहून देत असतो. कलम १८२ए खाली विनापरवानगी फेरबदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

नंबर प्लेटचा अडथळा तर कुणाच्या लक्षातच येत नाही. नवी टेल बसवताना मागची प्लेट काढावी लागते. एचएसआरपीचं, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं, मागचं स्नॅप लॉक एकदाच बसतं; काढलं की तुटतं आणि पुन्हा वापरता येत नाही. मेकॅनिक साधा स्क्रू मारून देतो आणि तपासणीत तोच स्क्रू पहिल्यांदा नजरेत भरतो. नवं लॉक अधिकृत एजन्सीकडूनच बसवून घ्यायचं असतं, तेव्हा त्याची वेळ काम सुरू करण्याआधी ठरवा. प्लेट दुचाकीच्या मापाची, म्हणजे २०० बाय १०० मिलिमीटर, पूर्ण दिसणारी हवी. ती सीटखाली ढकलून वाकवलेली चालत नाही. प्लेटवर उजेड टाकणारा पांढरा दिवा हवा आणि त्यात नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. लहान टेलमध्ये हा दिवा बहुतेक वेळा नसतोच.

बाकीची कागदपत्रं नेहमीची: आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरचा पेन्सिल छाप. फेअरिंगवाल्या बाइकवर हा छाप घेणं जिकिरीचं असतं, म्हणून घरीच निवांतपणे घ्या. प्रलंबित ई-चलनं भरून टाका. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती लागते. आणि परिवहन पोर्टलवर जाण्याआधी एक बघा: आरसीला जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना? सेकंडहँड बाइक असेल तर तो बऱ्याचदा आधीच्या मालकाचा किंवा एजंटचा निघतो आणि ओटीपी भलत्याच फोनवर जातो. आधी नंबर बदलून घ्या.

अर्ज तुम्ही राहता त्या हद्दीच्या कार्यालयात करायचा. पुणे शहराची नोंदणी एमएच १२, पिंपरी-चिंचवडची एमएच १४. वाकडला राहून जुन्या पत्त्यावरच्या एमएच १२ गाडीचा अर्ज संगम पुलाजवळच्या पुणे आरटीओत घेऊन गेलात, तर पत्ता बदलून या म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत कळवायचं असतं. शिकायला किंवा हिंजवडीत नोकरीला आलेल्यांची बाइक परराज्यातली असते. ती इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिली असेल, तर मूळ कार्यालयाची एनओसी (ना-हरकत पत्र) आणून महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. तो मिळेपर्यंत सीटचा विषय काढण्यात अर्थ नाही.

तपासणीच्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष बघतात. मागे बसायची सोय ठेवली असेल, तर नियम १२३ प्रमाणे पकडायला कायमची मूठ, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्म्यापेक्षा कमी नाही इतका भाग झाकणारं संरक्षण लागतं. हा नियम कपडे चाकात अडकू नयेत म्हणून आहे. मागे आई किंवा बहीण बसणार असेल, तर साडी गार्ड ‘दिसायला बरं नाही’ म्हणून काढणाऱ्याला मी हात जोडून सांगतो, काढू नकोस. इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि लाल रिफ्लेक्टर चालू आणि जागेवर हवेत. सीट हाताने हलवून बघतात, म्हणून आदल्या दिवशी बोल्ट पुन्हा आवळा.

नोंद झाली की नव्या आरसीची प्रत विमा कंपनीला लेखी कळवून द्या आणि पोच घ्या. गाडीची विमा-किंमत निर्मात्याच्या किमतीवर ठरते. त्यात नसलेली सीट वेगळी नोंदवली नाही, तर तिची भरपाई मिळत नाही. आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने न कळवलेला बदल पकडला, तर वाद वाढतो.

मूळ सीट, तिचं कुलूप, मडगार्ड आणि साडी गार्ड विकू नका. अर्ज नामंजूर झाला तर ते परत बसवूनच गाडी रस्त्यावर आणावी लागेल. सगळे बोल्ट एका पिशवीत घालून सीटलाच बांधून ठेवा. मागच्या सीटच्या खुंटीचा छोटा बोल्ट सुटा मिळत नाही, त्याच्यासाठी सुट्या भागांच्या दुकानांची नाना पेठ पालथी घालावी लागते.