दागिन्यातलं रोमन नाणं कोंदणातून न काढता कसं ओळखायचं?

पदकात, अंगठीत किंवा कानातल्यात बसवलेलं जुनं नाणं तपासायला आणणाऱ्यांना आमची पहिली विनंती: ते घरी उचकटू नका, सोनाराकडूनही काढून घेऊ नका. दोन हजार वर्षांपूर्वीची चांदी बऱ्याचदा आतून ठिसूळ झालेली असते. कोंदणाची पाकळी वर करताना पक्कड जराशी कलली तरी कडेचा टवका उडतो. झाळलेली कडी काढायला आच द्यावी लागते आणि त्या आचेने नाण्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो.

नाणं कोंदणात असलं की त्याची कड दिसत नाही आणि त्याचं स्वतंत्र वजनही घेता येत नाही. खरंखोटं ठरवायची हीच दोन मोठी साधनं असल्यामुळे बाकी सगळं बारकाईने बघावं लागतं.

सुरुवात मापाने करा. दिसणारा व्यास मोजा आणि कोंदणाखाली दडलेल्या भागासाठी एक-दोन मिलिमीटर वाढवा. देनारियस हे चांदीचं नाणं साधारण 17 ते 19 मिमी भरतं. सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट असेल आणि व्यास 20 ते 23 मिमी असेल, तर ते बहुधा सम्राट कॅराकॅलाने इ.स. 215 साली सुरू केलेलं अँटोनिनियानस हे चांदीचं नाणं असतं. सोन्याच्या नाण्यांत ऑरियस जाड असतो, सात-आठ ग्रॅमचा. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासूनचा सॉलिडस पातळ, पसरट आणि सुमारे साडेचार ग्रॅमचा.

घरातली जुनी पुतळी ‘रोमन’ म्हणून पुष्कळदा दाखवली जाते. तिचं मूळ व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यात आहे. त्या नाण्याच्या एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला शासक, दुसऱ्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांमध्ये उभा ख्रिस्त, आणि वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. पुतळीही मोलाचीच, पण ती रोमन नव्हे.

मग अक्षरं वाचा. मजकूर बहुतेक वेळा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो. म्हणजे ‘ए व्ही जी’ हे ऑगस्टस या पदवीचं लघुरूप. ‘सी ओ एस’पुढचा आकडा फार कामाचा असतो, कारण तो सम्राट कितव्यांदा कॉन्सल (रोममधलं एका वर्षाचं सर्वोच्च पद) झाला हे सांगतो. सम्राट ट्रेजनच्या देनारियसवर ‘सी ओ एस व्ही’ दिसलं, तर इथला ‘व्ही’ म्हणजे पाच, आणि नाणं 103 ते 111 या काळातलं. ‘व्ही’नंतर उभी रेघ असेल तर सहा, म्हणजे 112 किंवा त्यानंतरचं. ही रेघ नेमकी पाकळीखाली जाते, म्हणून दागिना तिरका धरून आत डोकवा. वाचलेली अक्षरं आणि मागचं चित्र ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ या मोफत सूचीत ताडून पाहता येतं.

आता दहापट भिंग. ठशाचा घाव बसताना धातू बाहेर सरकतो, म्हणून खऱ्या नाण्यावर अक्षरांपासून कडेकडे जाणाऱ्या केसासारख्या रेषा दिसू शकतात. ओतीव नकलेत त्यांच्याऐवजी बारीक गोल खड्डे असतात आणि अक्षरांचे कोपरे वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत वाटतात. गंजाचे खड्डे मात्र वेडेवाकडे असतात, त्यांना घाबरू नका. कानातल्यांची जोडी असेल तर दोन्ही नाणी शेजारी ठेवा. एकच चीर, कडेचा एकच वाकडेपणा दोन्हींवर असेल तर ती एकाच साच्यातून ओतलेली आहेत. झिजलेल्या जागी तांबं डोकावलं तर लगेच आधुनिक नक्कल समजू नका. तांब्यावर चांदी चढवलेली खोटी नाणी रोमन काळातही बनत.

चेहऱ्यावरचा छिन्नीचा घाव किंवा मस्तकावरची भोकंही नाण्याच्या इतिहासाचा पुरावाच असतात. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै इथे 1898 मध्ये सापडलेल्या 501 सोन्याच्या रोमन नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर असा घाव आहे. तो बुजवून घेऊ नका.

कॅरेट मीटरची चिठ्ठी पुरेशी नाही. ते यंत्र वरचाच थर वाचतं, आणि जुन्या नाण्याच्या वरच्या थरात चांदी आतल्यापेक्षा जास्त असू शकते. शेजारच्या झाळेनेही आकडा बिघडतो. कसोटीवर घासणं, लिंबू, चिंच, टूथपेस्ट, पॉलिश हे सगळं टाळा.

फोटो पाठवताना शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, फ्लॅश बंद करा आणि एका बाजूने खिडकीचा उजेड घ्या. दोन्ही बाजू, कडी आणि कोंदणाची मागची बाजू वेगवेगळी टिपा. फोटोवरून नाणं कोणत्या प्रकारचं हे आम्ही सांगू शकतो. खरं की नक्कल, हे हातात घेतल्याशिवाय सांगत नाही.

परदेशी राहणाऱ्यांसाठी: शंभर वर्षांहून जुनं नाणं भारताच्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याने पुरावस्तू ठरतं, दागिन्यात जडवलं म्हणून त्यातून सुटत नाही, आणि खासगी व्यक्तीला ते भारताबाहेर नेता येत नाही. दागिना बाहेरून विकत आणला असेल, तर तिथलं बिल तपासणीला येताना सोबत आणा.