१६ जीबी की ३२? रॅमचा खरा हिशोब

जड सॉफ्टवेअरसाठी लॅपटॉप घेताना बरेच जण त्या सॉफ्टवेअरची 'किमान गरज' वाचतात आणि तेवढी रॅम (चालू कामाचा डेटा तात्पुरता ठेवणारी मेमरी) घेऊन मोकळे होतात. पण किमान रॅमवर सॉफ्टवेअर चालू होईल, एवढीच ती हमी. काम धडपणे होईल का, हे तुम्ही त्यात काय उघडता यावर ठरतं.

फोटोचंच घ्या. २४ मेगापिक्सेलचा जेपेग डिस्कवर जेमतेम ८-१० एमबीचा दिसतो. एडिटरमध्ये उघडला की दाबून बसवलेली सगळी माहिती उलगडते. प्रत्येक पिक्सेलचे तीन रंग, १६ बिटमध्ये काम केलं तर दर रंगाला २ बाइट, म्हणजे २.४ कोटी गुणिले ६, एका लेयरला (फोटोवर रचलेल्या एका थराला) १४४ एमबी. असे दहा लेयर झाले की दीड जीबीच्या घरात गेलात, 'अनडू'साठी राखलेल्या जुन्या अवस्था वेगळ्याच. व्हिडिओचं तर विचारूच नका. फोर-के व्हिडिओची एक फ्रेम दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर ३३ एमबीची, आणि सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे जवळपास १ जीबी! म्हणूनच एडिटर एका वेळी थोड्याच फ्रेम उलगडून ठेवतो.

रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम लगेच न लागणारा डेटा एसएसडीवर, म्हणजे फाइल्स साठवायच्या डिस्कवर हलवते. इथेच घोडं पेंड खातं. रॅममधून डेटा मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शेकडो पट. रॅमचा वेळ एक सेकंद मानला, तर एसएसडीचा दहा-पंधरा मिनिटांवर जातो. क्वचित हलवाहलव झाली तर कळतही नाही. पण आत्ता लागणारा डेटाच रॅममध्ये मावेनासा झाला की मशीनचा सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो. सतत लागणाऱ्या या डेटाला संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये 'वर्किंग सेट' म्हटलं. रॅम मोजायची ती याच्या मापाने.

ते माप सध्याच्या लॅपटॉपवरच अंदाजाने काढता येतं. नेहमीचं काम ऐन भरात असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा 'कमिटेड' आकडा बघा. तो सतत रॅमच्या वर जात असेल तर रॅम वाढवाच. नुसती रॅम भरलेली दिसली म्हणून घाबरू नका, रिकामी रॅम सिस्टिम मुद्दामच कॅशसाठी, म्हणजे पुन्हा लागू शकणारा डेटा हाताशी ठेवण्यासाठी वापरते. मॅकवर 'मेमरी प्रेशर'चा आलेख पिवळा-लाल होतोय का, तेवढं पुरे.

माझं मत विचाराल तर साध्या प्रोग्रामिंगला आणि फोटोंना १६ पुरते. व्हिडिओ, भरपूर लेयर किंवा व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक) असतील तर ३२. मोठे थ्रीडी सीन किंवा भाषा-मॉडेल (चॅटबॉटमागचं एआय) लॅपटॉपवरच चालवायचं असेल, तरच ६४ चा विचार करा. ७ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल १६ बिटमध्ये एकटंच १४ जीबी खातं.

घेण्याआधी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डाग देऊन जोडलेली आहे का, ते नक्की बघा. तशी असेल तर नंतर वाढवता येत नाही, मग आत्ताच एक पायरी वरची घ्या. स्लॉट असतील तर घाई नाही. फक्त शक्यतो सारख्या दोन पट्ट्या लावा, कारण एकाच पट्टीवर डेटा ने-आण करण्याचा वेग निम्म्यावर येतो आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला ते लगेच जाणवतं.