मन लागत नाही, म्हणून हाताला काम

“जरा हिंडून ये, मन रमव.” नैराश्य आलेल्या माणसाला घरोघरी हाच सल्ला मिळतो. अडचण अशी की रमण्याची इच्छाच या आजारात आधी आटते. माणूस कामं टाळतो, त्यामुळे बरं वाटण्याचे प्रसंग घटतात आणि मन आणखी खचतं. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार, हे चक्र कामाच्या बाजूने तोडू पाहतो. इच्छेची वाट न बघता सुरुवात करायची, पण इतकी छोटी की नाही म्हणवणार नाही.

गोव्यातली अबोलीची फाती, म्हणजे फुलांचा गजरा, घ्या. पहिल्या दिवशी नुसती फुलं निवडायची. मग केळीच्या सोपटाचा दोर भिजवायचा, पुढे चार-पाच फुलं गुंफायची, अख्खी फाती कधीतरी. थेरपिस्टचं कसब या पायऱ्या पाडण्यात असतं. काम फार सोपं झालं तर कंटाळा येतो. अवघड झालं तर ‘मला काही जमतच नाही’ याला आणखी एक पुरावा मिळतो. चिंतेने ग्रासलेल्यांना दोन्ही हातांची, एका लयीतली कामं अनेकदा मानवतात. लक्ष पुढच्या फुलावर असतं तेवढा वेळ उद्याची काळजी मागे पडते. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला तर चारचौघं लागतात. तिथे कुणी ‘बोल ना’ म्हणून मागे लागत नाही, तरी बोलणं होतं.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंग, कागदकाम दिलं. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. पण ही माणसं निरोगी होती आणि तुलनेला दुसरा गटही नव्हता. ‘माती मळा, नैराश्य पळवा’ छापाच्या फॉरवर्डना हा अभ्यास आधार देत नाही.

भक्कम पुरावा आहे तो गोव्यातलाच, मात्र हस्तकलेचा नव्हे. ‘संगाथ’ संस्थेच्या प्रयोगात प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी घेतल्या. भर होता सुटलेली कामं टप्प्याटप्प्याने पुन्हा हाती घेण्यावर. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के.

फाती जमू लागली म्हणून चालू गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत. उपचारांसाठी गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. जीव नकोसा वाटत असेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो.