*फदेर (आद्य जर्मॅनिक नाम)

‘पिता’ या अर्थाचे, ऋकारान्त नात्यांच्या गटातले पुल्लिंगी नाम. आद्य जर्मॅनिक म्हणजे इंग्रजी, जर्मन, नॉर्स आदी भाषांची समान पूर्वज भाषा; तिच्यातला एकही लेख उपलब्ध नाही. म्हणून हे रूप गॉथिक ‘फदर’, प्राचीन नॉर्स ‘फाथिर’, प्राचीन इंग्रजी ‘फॅडर’ आणि प्राचीन उच्च जर्मन ‘फातर’ यांच्या तुलनेतून सिद्ध केले जाते आणि ते अनुमानित असल्याचे तारकाचिन्हाने दाखवतात.

मूळ इंडो-युरोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन व जर्मॅनिक यांची अनुमानित पूर्वज भाषा) *प्हतेर यातील कंठ्य ‘ह’ संस्कृतात ‘इ’ झाला (पितृ), तर जर्मॅनिक, ग्रीक व लॅटिनमध्ये त्याच्या जागी ‘अ’ आला. आरंभीच्या ‘प’चा ‘फ’ होणे याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमाला धरून आहे. परंतु त्याच नियमाने मधल्या ‘त’चा ‘थ’सारखा अघोष (स्वरतंतूंच्या कंपनाविना उच्चारलेला) घर्षक, म्हणजे हवा घासून निघणारा ध्वनी, व्हायला हवा होता, तसा तो *ब्रोथेर (भ्राता) या शब्दात झालाही, मग येथे सघोष ‘द’ का, हा प्रश्न अर्धशतक सुटला नव्हता. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर याने १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याचे उत्तर वैदिक स्वरांत, म्हणजे अक्षरांवरील आघातांत, शोधले. ‘भ्राता’ या शब्दात उदात्त (उंच स्वराचा आघात) पहिल्या अक्षरावर आहे, ‘पिता’ आणि ‘माता’ यांत दुसऱ्यावर. आघात आधीच्या अक्षरावर नसेल तेथे घर्षक सघोष झाला. पुढे जर्मॅनिक भाषांत आघात पहिल्या अक्षरावर स्थिरावला आणि मूळ कारण पुसले गेले. वेदपाठाच्या परंपरेने स्वर काटेकोरपणे जपले नसते, तर ही उकल फार अवघड झाली असती. आजच्या जर्मनमध्ये ‘फाटर’, ‘मुटर’ यांत ‘ट’ आणि ‘ब्रूडर’मध्ये ‘ड’ दिसतो, तो याच भेदाचा अवशेष होय. इंग्रजी ‘फादर’मधला घर्षक मात्र मध्ययुगाच्या अखेरीस आलेला असून तो या बाबतीत पुरावा ठरत नाही.

विभक्तिरूपांत प्रत्ययापूर्वीचा स्वर बदलत जातो. प्रथमा एकवचनी *फदेर (दीर्घ ‘ए’), द्वितीया *फदेरुं (ऱ्हस्व ‘ए’, तुलना करा: पितरम्), षष्ठी *फदुर्झ (पितुः), चतुर्थी *फद्रि. षष्ठीतला ‘उर्’ हा स्वरात्मक ‘ऋ’चा जर्मॅनिक परिणाम असून नॉर्स षष्ठी ‘फोथुर’मध्ये तो टिकून आहे. प्रथमा बहुवचन *फद्रिझ असे मानतात; नॉर्स ‘फेथ्र’मधला ‘ए’ त्यातील ‘इ’च्या प्रभावाने आला. प्राचीन इंग्रजीत हे अनेकवचन मागे पडले आणि अकारान्त नामांच्या धर्तीवर ‘फॅडरास’ रूढ झाले. गॉथिकमध्ये तर हा शब्दच दुर्मीळ असून, उपलब्ध मजकुरात तो एकदाच येतो. ‘पिता’ या अर्थी तेथे नेहमीचा शब्द ‘अत्ता’ आहे.