कुत्र्याचे पाणी : प्रमाण व मोजणी (खानदेश)

पाळीव कुत्र्याला २४ तासांत लागणारे पाणी, ते पाजण्याची व्यवस्था आणि प्यायलेल्या पाण्याची मोजदाद यांचा विचार येथे केला आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे म्हणजे ढोबळमानाने खानदेश. मे महिन्यात येथे, विशेषतः जळगाव–भुसावळ पट्ट्यात, पारा ४५° से.च्या आसपास जातो. त्यामुळे समशीतोष्ण हवेसाठी काढलेले आकडे येथे किमान म्हणूनच वापरावे लागतात.

निरोगी प्रौढ कुत्र्याची गरज सामान्यतः किलोमागे ४० ते ६० मिलि. अशी देतात. हिशेब कसा मांडावा याबद्दल मात्र दोन मते आहेत. एका मताने गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढते. दुसऱ्या मताने ती चयापचयाशी बांधलेली आहे. म्हणून वजनाचा (किलोत) ०.७५ वा घात घेऊन त्याला १३२ ने गुणतात. ३० किलोच्या कुत्र्याला पहिल्या रीतीने १,२०० ते १,८०० मिलि. येते आणि दुसऱ्या रीतीने सुमारे १,६९०. म्हणजे वाद उरत नाही. ५ किलोच्या कुत्र्याला मात्र पहिली रीत २०० ते ३०० मिलि. देते, तर दुसरी सुमारे ४४०. लहान देहाचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त असते, हे पाहता लहान कुत्र्यांपुरती दुसरी रीत अधिक पटते. दूध पाजणाऱ्या कुत्रीला हे प्रमाण दुप्पट–तिप्पट लागू शकते.

दोन्ही रीतींत अन्नातले पाणी धरलेले असते, हे बऱ्याचदा विसरले जाते. कोरड्या तयार खाद्यात पाणी सुमारे १० टक्के, तर डब्यातल्या ओल्या खाद्यात ७५ टक्क्यांच्या आसपास असते. पाव लिटर दुधात भाकरी कुस्करून दिली तर दोनशे मिलि.हून अधिक पाणी तिथेच पोटात जाते. असे कुत्रे भांड्याकडे कमी फिरकले तर ते आजाराचे लक्षण नव्हे. कळण्याच्या भाकरीत मीठ असते, ती खाल्ल्यावर तहान वाढते. शेवभाजीच्या रश्शात भाकरी भिजवून देणे मात्र टाळावे : मिठापेक्षाही त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतो.

कुत्र्याला घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत असतात. अंग निववण्याचे काम धापा टाकून, जीभ व श्वसनमार्गातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने होते. मेमधील कोरड्या हवेत हे चांगले साधते, पण पाणी झपाट्याने खर्च होते. पावसाच्या तोंडावर हवा दमट झाली की पारा उतरूनही तीच धाप कमी थंडावा देते.

मोजणीसाठी सकाळी ठरलेल्या वेळी मापाने २ लिटर पाणी भरावे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले मोजून वजा करावे आणि तीन दिवसांची सरासरी काढावी. मधे पाणी घातल्यास तेही मापूनच. येथे चूक होते ती भांड्यामुळे. मातीचे परळ पाझरते आणि त्याच्या पृष्ठभागावरून पाणी उडून जाते. म्हणून तर ते गार राहते. परिणामी कुत्रे प्यायले त्यापेक्षा आकडा मोठा येतो. यावर उपाय असा : तसेच दुसरे परळ, तेवढेच पाणी घालून, शेजारच्या सावलीत कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवावे आणि त्यातली घट पहिल्यातून वजा करावी. मोजणीपुरते स्टीलचे जड भांडे वापरणे सोपे, पण ते उन्हात तापते. सांडलेल्या पाण्याचा हिशेब लागत नाही. कुत्रे जीभ मागे वळवून पाण्याचा स्तंभ वर खेचते व जबडा मिटून तो तोडते, त्यात बरेच पाणी बाहेर उडते. जीभ पळीसारखी वापरून ते पाणी उपसते, हा जुना समज २०११ मधील क्ष-किरण चित्रणानंतर मागे पडला आहे.

किलोमागे १०० मिलि.पेक्षा जास्त पाणी सातत्याने जात असेल तर उन्हाळ्याला दोष देऊन थांबू नये. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कुत्रीच्या गर्भाशयात पू होणे, स्टेरॉइडची औषधे ही नेहमीची कारणे. लघवी फार होते म्हणून पाणी तोडणे ही घातक चूक : मूत्रपिंड पाणी राखू शकत नसेल तर प्राणी काही तासांतच सुकतो. पाणी कमी पडल्याचे पाहण्यासाठी हिरडीला बोट लावावे. ती ओली-निसरडी न लागता चिकट लागते. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली असता सावकाश बसते. मात्र हे लक्षण शरीरातले द्रव वजनाच्या सुमारे ५ टक्क्यांहून अधिक घटल्यावरच दिसू लागते, आणि म्हाताऱ्या, रोड कुत्र्यात फसवे ठरते.

पिसाळलेले कुत्रे पाण्याला घाबरते, हा समज चुकीचा आहे. जलसंत्रास हे रेबीज झालेल्या माणसातले लक्षण. कुत्र्यात घशाचे स्नायू लुळे पडतात. ते पाण्याकडे जाते, पिण्याचा प्रयत्नही करते, पण गिळता येत नाही. पाण्याला तोंड लावले म्हणून ते निरोगी ठरत नाही, आणि घशात हाड अडकले असेल असे मानून तोंडात हात घालणे जिवावर बेतू शकते.

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत कुत्र्याचे पाणी साठवणीतूनच निघते. भांडे रोज ओतून तळाचा बुळबुळीत थर काथ्याने घासून काढावा, नुसते विसळून तो जात नाही. दारापुढे भटक्या कुत्र्यांसाठी ठेवलेली सिमेंटची कुंडी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण कोरडी करावी, नाहीतर तिच्यात डासांच्या अळ्या होतात.