काळ्या मातीतला शोषखड्डा
नागपूरच्या बेसा, बेलतरोडीकडच्या ज्या ले-आउटांमध्ये अजून गडरलाईन पोचलेली नाही, तिथे जुलैत दोन दिवस झड लागली की सक्शन गाडीला फोन सुरू होतात. संडासात पाणी तुंबलेलं असतं आणि घरचे सांगतात, "टाकी भरली." गाडी येते, टाकी उपसते, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच.

खरं तर सेप्टिक टाकी वापर सुरू झाल्यावर काही दिवसांतच आउटलेटच्या पातळीपर्यंत भरते आणि पुढे कायम तशीच असते. एका टोकाने जेवढं पाणी आत शिरतं, तेवढंच दुसऱ्या टोकाने शोषखड्ड्याकडे, म्हणजे पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याकडे, निघतं. अडतो तो शोषखड्डा, आणि तोही बहुतेक वेळा टाकीकडे झालेल्या दुर्लक्षामुळे.

टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेल आणि हलका कचरा वर साय धरतो, मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी बाहेर पडतं. सेप्टिक टाक्यांच्या आय.एस. 2470 या भारतीय मानकात पाच माणसांसाठी, वर्षाला एकदा सफाई धरून, 1.5 मीटर लांब, 0.75 मीटर रुंद आणि 1 मीटर पाण्याची खोली असं माप दिलं आहे. म्हणजे सुमारे 1,125 लिटर. माणशी वर्षाला 30 ते 40 लिटर गाळ धरला, तर पाच माणसांचा 150 ते 200 लिटर होतो. दोन वर्षांत टाकीचा एक तृतीयांश भाग गाळाने व्यापतो. त्यानंतर पाण्याला निवळायला वेळ मिळत नाही, आणि मैल्याचे कण शोषखड्ड्याच्या भिंतीवर जाऊन बसतात. तिथे काळा, बुळबुळीत थर तयार होतो आणि मातीची छिद्रं बुजतात. टाकी उपसता येते, माती उपसता येत नाही.

गाळ मोजायला आठ फुटी काठी पुरते. खालच्या तीन फुटांवर पांढरं जुनं फडकं घट्ट गुंडाळा, आउटलेटकडच्या झाकणातून काठी तळाला टेकवा, दोन मिनिटं थांबा आणि सावकाश वर घ्या. फडक्यावर जिथपर्यंत दाट काळा रंग चढला, तिथपर्यंत गाळ. वरची साय आणि खालचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाले की गाडी बोलवा. झाकण काढल्यावर तोंडावर वाकू नका, जवळ बिडी-काडी नको: आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतो.

झाकण उघडलंच आहे तर आउटलेटचा 'टी' पाहून घ्या. चार इंची पीव्हीसीचा हा तुकडा उभा बसवतात. त्याची खालची नळी पाण्यात फूट-सव्वा फूट बुडालेली हवी, म्हणजे साय बाहेर जात नाही. कित्येक मिस्त्री इथे सरळ पाईप ठोकून मोकळे होतात. एवढ्याशा कंजुषीने शोषखड्डा बुजतो.

दुसरा शत्रू म्हणजे एकदम आलेलं पाणी. 1,000 चौरस फुटांच्या छतावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं. छताचा पाईप संडासाच्या चेंबरला जोडलेला असेल तर हे सगळं टाकीतला बसलेला गाळ ढवळत शोषखड्ड्यात जाईल. उन्हाळ्यात कूलरची टाकी धुतली की तिचं पाणीही इकडे सोडू नका, झाडांना घाला.

आता मातीचं. आपली काळी माती उन्हाळ्यात फुटते, हातभर खोल भेगा पडतात, आणि त्या भेगांतून पाणी सरसर जातं. मे महिन्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून "चांगलं जिरतंय" म्हणणं म्हणूनच फसवं. पावसात हीच माती फुगते आणि भेगा मिटतात. नीट चाचणी करायची तर खड्डा रात्रभर पाण्याने भरून ठेवायचा, माती फुगू द्यायची, आणि सकाळी पाणी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर पाहायचं. 30 मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालेल. 30 ते 60 मध्ये उथळ, लांब चर बरे. 60 च्या वर गेलं तर जमिनीत जिरवण्याचा नाद सोडा. टाकीनंतर गिट्टीचा फिल्टर बांधणं योग्य.

यावर मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं: "मुरूम लागेपर्यंत खोदू." मुरमात पाणी छान जिरतं, हे खरं. पण शहराच्या पश्चिमेकडे मुरमाखाली भेगाळलेला बेसाल्ट आहे. पाणी त्या भेगांत उतरलं की गाळलं जात नाही, थेट बोअरकडे जाऊ शकतं. मानकानुसार शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत किमान 18 मीटर, म्हणजे 59 फूट अंतर हवं. 30 बाय 50 च्या प्लॉटचा कर्णच 58 फुटांचा! शिवाय शेजाऱ्याचा खड्डा वेगळाच. अशा ठिकाणी बोअरचं पाणी तपासणीशिवाय पिऊ नये.

जागा असेल तर दोन शोषखड्डे करून मध्ये वळवण्याचं चेंबर ठेवा. एक वापरात, दुसरा सहा महिने कोरडा. हवा लागली की तो काळा थर बराचसा कुजून जातो. कल्चर पावडर, गूळ, यीस्ट यांची गरज नाही, लागणारे जिवाणू मैल्यातूनच येतात. पॅड, ओले वाइप्स आणि फोडणीचं उरलेलं तेल मात्र हे जिवाणू सहजी संपवत नाहीत.

उपसा पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये करा. भर पावसात भूजल वर आलेलं असताना प्लास्टिकची टाकी रिकामी केली तर ती उचलली जाऊन पाईप मोडतात. नळी तळापर्यंत सोडायला लावा, नुसतं वरचं पाणी ओढून गाडी जाते तेव्हा गाळ तिथेच राहतो. आणि आत माणूस उतरवू नका, पाच मिनिटांसाठीही नाही. सुरक्षा साधनांशिवाय अशी सफाई करून घेण्यावर हाताने मैला सफाईविरोधी 2013 च्या कायद्याने बंदी आहे.